गांडुळं वर आली

"अगं, वर आल्यात! ढिगानं वर आल्यात! पाव्हणे यायच्या आधीच दर्शन द्याय लागल्यात तुझी गांडुळं!"

भारतचा आवाज फोनमधून इतका फुटत होता, की शेजारच्या सीटवरच्या बाईनेही मान वळवली. शिवकन्या मंठ्याहून पहिल्या गाडीने निघाली होती. लेकीच्या, साक्षीच्या बाळाचं नामकरण काल झालं. आज दुपारी स्वतःच्याच वावरात कार्यक्रम, म्हणून पाहुणचार अर्धा टाकून, परतूरला गाडी बदलून ती कुंभार पिंपळगावच्या वाटेला लागली होती.

"वर आल्यात म्हंजे?"

"वर म्हंजे वर! मातीवर. नुसती वळवळ करून राह्यलीत. आप्पाराव म्हणला, भारत, तुझ्या बायकोनं गांडुळं शिकवून ठेवल्यात."

"ऊन पडलंय का तिकडं?"

"पडलंय की चांगलं."

दिवाळी होऊन गेलेली, वरची माती सुकायला लागलेली, आणि उन्हात गांडूळ वर येतं? गांडूळ म्हणजे काय निवडणुकीतला पुढारी आहे, पाहुणे दिसले की बिळातून बाहेर येऊन हात जोडायला? ते उजेडाला भितं. सुक्या मातीला भितं. जिवावर बेतल्याशिवाय ते दिवसाढवळ्या तोंड दाखवत नाही.

"ओ, काय टाकलं तुम्ही वावरात?" तिने विचारलं. पण तोवर भारत कोणाला तरी "ती खुर्ची हिकडं घे" म्हणत होता, आणि फोन बंद झाला. तिने परत लावला. कोणी उचलला नाही. मांडवात स्पीकर लागला असणार.

उरलेली वाट तिने कशी काढली ते तिचं तिला ठाऊक.

वावर म्हणजे ओढ्याकाठचं दीड एकर. सासरे तातेराव यांनी गायरानातले दगड वेचून, टोपल्यांनी गाळ टाकून ते उभं केलं होतं. गावाने तेव्हा हसून घेतलं होतं, की दगडातून काय पिकणार. पिकलं. मग तातेराव गेले आणि भारतने चार लोकांचं पाहून खताच्या गोण्या आणि फवाऱ्याचा सपाटा लावला. वावर पिकायचं, पण दरवर्षी जरा जास्त मागायचं आणि जरा कमी द्यायचं. पुढे पुढे तर माती अशी आवळून बसली, की कुदळ मारली तर कुदळच परत यायची. पाऊस पडला की पाणी वरच्या वर घसरून ओढ्याला, आणि दोन उन्हं पडली की पिकाच्या माना खाली.

शिवकन्याला जालन्याच्या भूमिसखी प्रतिष्ठानच्या शिबिरात पहिल्यांदा कळलं, की आपल्या वावरात गांडूळ शोधूनही सापडत नाही याची लाज वाटायला हवी. लाज तिला वाटलीच, आणि तिला एकदा लाज वाटली की ती स्वस्थ बसणारी बाई नव्हे. ओढ्याच्या उंबराखालची ओली, काळी, मऊ माती तिने पाट्या भरभरून आणली आणि दुधाला विरजण लावावं तशी वावरात जागोजाग पुरली. वरून पालापाचोळा, भुसकट, शेणकाला. गोणी बंद, फवारा बंद. बायका तिला "गांडूळबाई" म्हणायला लागल्या. भारतने तर घरातल्या घरात संप केला होता. म्हणायचा, "लोक वावरात पीक लावतेत, हिनं किडे लावलेत."

आपल्याकडे रीतच आहे. बैलाला पोळा आहे, नागाला पंचमी आहे, अगदी ट्रॅक्टरलाही दसऱ्याला झेंडूचा हार असतो. आणि जमिनीच्या पोटात रात्रंदिवस राबून जे तिला भुसभुशीत करतं, पाण्याला आत जायला वाट करून देतं, पालापाचोळा खाऊन सोन्यासारखी माती मागे टाकतं, त्याचं नाव आपण नेभळट माणसाला शिवी म्हणून वापरतो. शिवकन्याला या गोष्टीचा मनापासून संताप यायचा. कोणी कोणाला "गांडूळ कुठला" म्हणालं की ती थांबून विचारायची, "त्यानं तुमचं काय वाईट केलं?"

मग एका साली धो धो पाऊस झाला. शिवारभर कपाशी पाण्यात उभी राहून लाल पडली, आप्पारावच्या उसात होडी चालवावी असं तळं झालं. शिवकन्याच्या वावरात दुसऱ्या दिवशी पाणी दिसेना. सगळं आत मुरलं होतं. लोक येऊन बघून गेले. हसणाऱ्या बायका खाली वाकून माती मुठीत धरून बघायला लागल्या. चांगुणाबाई, जिची जीभ गावात सगळ्यात तिखट, तिनेही कबूल केलं, "माय, ही माती तर पुरणासारखी लागून राह्यली हाताला."

म्हणूनच तर आजचा कार्यक्रम होता. प्रतिष्ठानचे गिरिधर सर, मूळचे याच गावचे पण वडिलांपासून जालन्यात स्थायिक झालेले, तिला वावरात येऊन पुरस्कार देणार होते. पुरस्काराचं तिला फारसं कौतुक नव्हतं. पाहुण्यांना माती पसंत पडली तर पुढच्या पावसाळ्यापासून तिच्या वावरात बायकांची शेतीशाळा भरणार होती. दर अमावास्येला गावोगावच्या बायका येणार, वावरात हात घालून शिकणार. तिच्या बायकांच्या गटातल्या सगळ्याजणींनी सांगून टाकलं होतं, की शाळा सुरू झाली तर आम्हीही विष सोडू. तिचा जीव त्या शाळेत अडकला होता.

आणि भारतचा जीव अडकला होता कार्यक्रमात. त्यालाही कारण होतं. तातेरावांना आयुष्यभर गावच्या कार्यक्रमांचं बोलावणं यायचं ते मांडवाचे खड्डे खणायला. आज तेच गाव तातेरावांच्या वावरात येऊन सतरंजीवर बसणार, त्यांच्या घरची भाकरी खाणार होतं. भारतला स्वागताध्यक्ष केलं होतं. छातीवर लावायचा लाल फितीचा बिल्ला आठ दिवसांपासून घरात होता, आणि तो आरशासमोर लावून बघितलेला शिवकन्याने पाहिला होता. तिने तेव्हा काही म्हटलं नव्हतं. तिला बरंच वाटलं होतं.

फाट्यावर उतरून ती जवळजवळ पळतच निघाली. वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून वळली आणि आधी नाकाला जळाल्याचा वास आला. मग दिसलं. मूग काढलेल्या वावरात तिने जपून अंथरलेलं भुसकट, पाला, काड्या, सगळं गोळा करून कोपऱ्यात पेटवून दिलं होतं. काळी राख अजून धुमसत होती. उघड्या मातीवर रंगीत मांडव, आणि साहेब येणार म्हटल्यावर आपल्याकडे जिथे तिथे ओढतात तशा पांढऱ्या फक्कीच्या रेघा. चुन्याचीच भुकटी ती. दोन रेघांमधून पाहुण्यांनी चालायचं. मांडवाच्या तोंडाशी फक्कीनेच लिहिलं होतं, सुस्वागतम्.

मांडवाभोवती माणसं खाली वाकून बघत होती. पोरं मोबाइलवर फोटो काढत होती. शिवकन्या त्यांना सारून पुढे गेली.

गांडुळं वर आली होती. लहान, मोठी, बोटाएवढी जाड, जी खोल जमिनीत राहतात आणि तिलाही वर्षातून एखाद्या वेळी दिसायची तीसुद्धा. एकमेकांत गुंतून गाठी झालेली. काही पिळवटत होती, काही नुसती थरथरत होती. काही ताठ होऊन पडलेली, अंगावर फोड आल्यासारखी सुजलेली. टँकरने सडा मारल्यामुळे माती ओली होती, आणि त्या ओलीतून एक उग्र, कुजकट वास येत होता. हा वास शिवकन्या ओळखत होती. हुमणी अळी मारायला उसात टाकतात त्या दाणेदार औषधाचा तो वास. ते टाकलेल्या उसात कुत्रंसुद्धा शिरत नाही.

"आली का!" भारत समोरून आला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीवर बिल्ला. चेहरा उजळून निघालेला. "बघ, म्हणलो न्हवतो? असा मान कोणाच्या वावराला भेटला का आजवर?"

"काय टाकलं इथं?"

"काय म्हंजे?"

"उसातलं औषध टाकलं ना? कोण्या भाड्यानं टाकलं?"

भारतचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातली हवा गेली. "अगं, गिरिधर सरांचा फोन आल्ता. म्हणले, जागा स्वच्छ ठेवा, संगं म्हातारी माणसं हायेत, विंचूकाट्याचं बघा. वावरात बसायचं म्हणल्यावर बराबरच हाय ना. मंग आप्पारावनं दिलं त्याच्याकडचं उरलेलं. काल सांजंला टाकलं अन् आज सकाळी पाणी मारून घेतलं, धुराळा नको म्हणून."

"अन् पाचोळा?"

"त्यातच तर विंचू असतेत."

शिवकन्याने कपाळावर हात मारला नाही, रडली नाही. तिने नामकरणाहून आणलेला लाडवांचा डबा चांगुणाबाईच्या हातात दिला, पदर खोचला आणि म्हणाली, "ती वर आली न्हाईत. ती मरून राह्यलीत. खाली आग लागली म्हणून घर सोडून पळालीत, अन् तुम्ही फोटो काढून राह्यले."

आप्पाराव शेजारचा, ऊसवाला. माणूस वाईट नव्हता, पण आपल्याला सगळं कळतं हा रोग त्याला जुना होता. तो पुढे झाला. "वहिनी, उगं भिऊ नका. तेच औषध आम्ही उसात टाकतो. ऊस खाताच की तुम्ही. मेलो का आम्ही?"

"तुमच्या उसात किती गांडुळं हायेत, आप्पाराव?"

"आता त्ये कोण बघाय गेलंय?"

"तेच म्हणते मी. बघाय कोणी गेलंच न्हाई."

तेवढ्यात पोरं ओरडली. साळुंक्या उतरल्या होत्या. एवढी मोठी मेजवानी उघड्यावर पडलेली, त्या बिचाऱ्या कशाला सोडतील? शिवकन्या हात हलवत, ओरडत त्यांच्या अंगावर धावून गेली. सगळ्या उडाल्या. एक उडाली, वीतभर वर गेली आणि भारतच्या पायाशी पडली. पंख पसरून तिने दोनदा गिरकी घेतली. चोचीतून फेस आला. मग हलली नाही.

भारत खाली बघत राहिला. त्याच्या पायात नवी चप्पल होती, आणि चपलेला ओली माती लागली होती. त्याने एक पाय उचलला, मग कुठे ठेवावा ते न कळून परत तिथेच ठेवला.

"आता कळलं?" शिवकन्या म्हणाली. "माझ्या बापानं हुंडा दिला न्हवता, सोनं दिलं न्हवतं. या घरात मी काय आणलं म्हणून कोणी विचारलं तर ही माती दाखवायची मी. एवढ्या वर्सांची माती एका सांजंत मारली तुम्ही. अन् कामून? तर पाव्हण्याला विंचू चावू नये! त्या विंचवानं तरी एकालाच चावलं असतं."

"मी तुझ्यासाठीच केलं गं."

"तेच तर. वैऱ्यानं केलं असतं तर वैऱ्याशी भांडले असते. आता कोणाशी भांडू?"

मांडवाच्या पलीकडे चुली मांडल्या होत्या. तव्यावर भाकरी फुगत होती, भरताची वांगी निखाऱ्यात होती. सतरंज्या त्याच ओल्या मातीवर अंथरायला काढल्या होत्या. तिथे लेकरं बसणार, जमिनीला हात लावणार आणि त्याच हाताने खाणार, हे शिवकन्याच्या डोळ्यांपुढे आलं. तिने पहिली सतरंजी खसकन ओढली.

"चांगुणाकाकी, चुली विझवा. भाकरी झाकून वर सडकेला न्या. लेकरांना आधी बाहेर काढा. जल्दी करा."

चांगुणाबाईने एकदा मेलेल्या साळुंकीकडे पाहिलं आणि कोणाला काही न विचारता घागर चुलीवर ओतली. बायका उठल्या. पुरुष मात्र घुटमळले. आप्पाराव भारतच्या कानाशी लागला, पण त्याचा कानाशी लागण्याचा आवाजही बांधापलीकडे ऐकू जायचा.

"हे बघ, पाव्हणे फाट्यावर आलेत, फोन आल्ता. एक काम कर. ही मेलेली उचलून टाकू. गटातल्या तृप्तीच्या गोठ्यामागं गांडूळखताचा बेड हाय, तिथून टोपलंभर लाल गांडुळं आणू अन् त्या कोपऱ्यात मातीत सोडू. सर कुदळ मारतील, गांडूळ निघंल, टाळ्या होतील. गांडूळ ते गांडूळ. कोणाला कळतंय?"

"ती शेणातली हायेत, आप्पाराव," शिवकन्या म्हणाली. "वावरात ती जगत न्हाईत, अन् वावराचं काम करत न्हाईत. अन् एवढी मारून पोट भरलं न्हाई म्हणून आता ती बी मारायला आणता?"

भारत तिच्याजवळ आला. एवढा मोठा माणूस, पण तोंड धाकट्या पोरासारखं झालेलं.

"शिवकन्ये, आजचा दिवस गप बस. कार्यक्रम सडकेला घेऊ, वावर लांबून दाखवू. उद्या तुझ्या पाया पडतो. पयल्यांदा सगळं गाव आपल्या वावरात येऊन राह्यलंय गं. माझ्या बापानं ह्ये बघाय पायजे होतं. आज जर तू बोललीस तर लोक जल्मभर म्हणतील, यांना एक कार्यक्रम दिला तर तो बी यांना निभला न्हाई."

ते मात्र तिला लागलं. कारण ते खरं होतं. लोक तसंच म्हणणार होते. गावात दहा जणांच्या हातून दहा चुका झाल्या तर त्या माणसांच्या चुका असतात, आणि भारतच्या हातून एक झाली तर ती अख्ख्या वस्तीची होते. हे शिवकन्याला लग्न करून आल्यापासून माहीत होतं, आणि त्याची चीड तिला आज पहिल्यांदा येत नव्हती. ती सतरंजी हातात धरून उभी राहिली. गप्प बसणं किती सोपं होतं. पाहुण्यांना लांबून वावर दाखवायचं, हार घालून घ्यायचा, फोटो काढायचा. शेतीशाळाही मिळाली असती.

आणि पावसाळ्यात गावोगावच्या बायका आल्या असत्या. त्यांना तिने सांगितलं असतं, माती हातात घ्या.

गाड्यांचे हॉर्न वाजले.

सडकेवर दोन जीप थांबल्या. गिरिधर सर उतरले, पांढरे केस, खांद्यावर शबनम, पायात मात्र गुडघ्यापर्यंत रबरी बूट. मागून शहरातली काही मंडळी, दुसऱ्या गावांतल्या बायका. स्पीकरवर आप्पारावचा आवाज सवयीने सुरू झाला, "आपल्या गावचे सुपुत्र..." आणि मध्येच थांबला, कारण शिवकन्या धुऱ्याच्या तोंडाशी, बरोबर सुस्वागतम् या अक्षरांवर, दोन्ही हात आडवे करून उभी होती.

"जय भीम, सर. आत येऊ नका."

सर हसले. त्यांना वाटलं, ओवाळण्यासाठी थांबवलं असेल. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"वावरात विष टाकलंय, सर. कोणी पाय ठेवायचा न्हाई. लेकरांनी तर बिलकुल न्हाई."

"विष? कसलं विष, ताई?"

"विंचूकाट्याचं. तुम्ही म्हणला होतात ना, विंचूकाट्याचं बघा? बघितलं आमच्या माणसानं. विंचू मेले का ते ठाऊक न्हाई, पण जे बघाय तुम्ही जालन्यावरून आलात ते सगळं मेलं."

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं. शिवकन्या तिकडे वळली.

"हसा. तुमच्या वावरात मारायला बी काही उरलेलं न्हाई, म्हणून हसू येतंय."

सरांचा चेहरा पडला. ते भले माणूस होते, ते लगेच दिसलं. त्यांनी मातीत वळवळणारं, न वळवळणारं सगळं पाहिलं, साळुंकी पाहिली आणि हळू आवाजात म्हणाले, "मी फक्त काळजी घ्या म्हटलं होतं हो. मला काय माहीत..."

"सर, वावर बघाय यायचं अन् विंचवाला भ्यायचं, हे दोन्ही कसं जमंल? विंचू बी त्याच मातीत असतो."

मग सरांनी घसा साफ केला. मुरलेले कार्यकर्ते होते ते, बिघडलेला कार्यक्रम सावरायची त्यांना सवय होती. "असं करू, आपण कार्यक्रम शाळेच्या पटांगणात घेऊ. तुमचं काम तर झालेलंच आहे ना, ताई. इतक्या वर्षांचं आहे. सत्कार त्या कामाचा. आमच्याकडे वावराचे जुने फोटोही आहेत, ते पडद्यावर दाखवू."

"फोटो?"

"हो. मागच्या वर्षीचे. खूप सुंदर आले आहेत."

शिवकन्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली.

"घरात मयत पडलंय, सर. अन् तुम्ही म्हणता, मागच्या वर्सी काय गोड हसत होतं, त्याचा फोटो बघू अन् पेढे वाटू. तुमचा पुरस्कार तुमच्यापाशी ठेवा. अन् शाळा भरवायची असंल तर याच वावरात भरवा, याच सालात. बायकांना आधी ह्ये दाखवू. गांडूळ कसं जगतं ते मागून शिकवू. कसं मरतं ते आधी बघू द्या."

गावोगावच्या बायका धुऱ्याच्या कडेने पुढे सरकल्या. आत पाय न ठेवता त्या माना लांब करून बघत होत्या. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "माय, आमच्या वावरात बी अशीच वर आल्ती गेल्या साली. आम्ही नारळ फोडला." यावर मात्र कोणी हसलं नाही.

"पण हे टाकलं कोणी?" सरांसोबतच्या एका गृहस्थाने कडक आवाजात विचारलं. "त्या इसमावर काही कारवाई?"

शिवकन्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. एवढा वेळ आग ओकणारी बाई, पण हे एक नाव तिच्या ओठावर येईना. तिने आप्पारावकडे पाहिलं. आप्पाराव मांडवाच्या खांबाची दोरी तपासत होता.

"मी टाकलं."

भारत होता. तो मांडवातून बाहेर आला, सगळ्यांच्या समोर, फक्कीच्या दोन रेघांच्या मधून. "मी टाकलं, माझ्या हातानं. बायको गावाला गेल्ती. मला वाटलं पाव्हणे येऊन राह्यलेत, सगळं बराबर पायजे. तिला फोन करून आनंदानं सांगितलं बी मीच, की बघ, वर आल्यात म्हणून." त्याने छातीवरचा बिल्ला काढला. ठेवायला जागा सापडेना, तेव्हा खिशात कोंबला. "कारवाई काय करायची ती करा."

तो गृहस्थ चष्मा पुसायला लागला.

गाड्या थोड्या वेळाने वळल्या. सरांनी जाताना शेतीशाळेबद्दल "नक्की विचार करतो" म्हटलं, ते शिवकन्याने ऐकून घेतलं, विश्वास ठेवला नाही. गाव पांगलं. आप्पाराव कधी गेला ते कळलं नाही. दुसऱ्या गावांतल्या बायकांपैकी काहीजणी मात्र सडकेवर चांगुणाबाईजवळ भाकरी खात बसल्या, आणि त्यांचं बोलणं हळू आवाजात चाललं होतं.

वावरात दोघंच उरली. भारतने शर्ट काढून खांबाला लटकवला. तोंडाला गमछा बांधला. शिवकन्याने त्याच्या हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, गाठ अशी आवळली की तो "हळू गं" म्हणाला. तो फावड्याने वरची माती खरवडायला लागला, जिथे जिथे दाणे दिसत होते तिथून, फक्कीसकट, मेलेल्या गांडुळांसकट. घमेलं भरलं. त्याने ते दोन्ही हातांनी उचलून अंगापासून लांब धरलं.

"कुठं टाकू?"

"तिकडं..." शिवकन्याने ओढ्याकडे हात केला आणि तसाच खाली घेतला. ओढा गावाच्या विहिरीला जातो.

"धुऱ्याला टाकू?"

"धुऱ्याला गवत हाय. शेळ्या येतेत."

"आप्पारावच्या उसात? तिथं तसं बी विषच हाय."

"न्हाई."

"पडिकात, नाल्यापल्याड?"

"तिथं काय माती न्हाई का?"

भारत घमेलं धरून उभा राहिला. शिवकन्या चारी दिशांना बघत होती. तिच्या सासऱ्याने दगड वेचले होते, त्या दगडांनाही टाकायला जागा मिळाली होती. ही घमेलंभर माती टाकायला मात्र एवढ्या शिवारात जागा सापडत नव्हती. ओढ्याकडे बघावं तर पाणी, धुऱ्याकडे बघावं तर चारा, आणि बाकी सगळीकडे कोणाची ना कोणाची जमीन.

"खाली ठेवू का गं? जड झालंय."

"ठेवायचं न्हाई," शिवकन्या म्हणाली. "जागा सापडेस्तोवर धरा तसंच."